पत्राने शिकवलेली रेघ : रस्किन आणि प्रौढांचे चित्रशिक्षण

१८५७ हे साल आपण उठावाचे साल म्हणून लक्षात ठेवतो. शिक्षणाच्या इतिहासात ते मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचे साल आहे. त्याच वर्षी २ मार्च रोजी, सर जमशेटजी जिजीभाई यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन रस्किनचे ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण माणसाने चित्र काढायला का शिकावे, या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे त्यांच्यामागे उभी आहेत. आज दिवसभराची नोकरी आटोपून रात्री संगणकासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसणारा, आंतरजालावरच्या अभ्यासक्रमातून रेखाटन शिकू पाहणारा प्रौढ विद्यार्थी याच जुन्या वादाचा वारस आहे.

मराठी वाचकाला रस्किन भेटतो तो बहुधा गांधीजींच्या वाटेने. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचलेल्या ‘अन्टू धिस लास्ट’ने त्यांचे आयुष्य बदलले आणि पुढे त्याच पुस्तकाचे सार त्यांनी ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत मांडले, हे आपल्याला माहीत असते. ते पुस्तक लिहिणारा अर्थविचारक काही वर्षे संध्याकाळी सुतार-कारकुनांना चित्रकला शिकवीत होता, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असे मला वाटते. श्रम करणाऱ्या माणसाला डोळे आहेत आणि त्या डोळ्यांना त्यांचे सुख मिळाले पाहिजे, ही रस्किनची धारणा आधी चित्रकलेच्या वर्गात आली. अर्थशास्त्रात ती नंतर उतरली.

हा वर्ग होता लंडनच्या ‘वर्किंग मेन्स कॉलेज’मधला. एफ. डी. मॉरिस आणि त्याच्या ख्रिस्ती समाजवादी सहकाऱ्यांनी १८५४ मध्ये कामगारांसाठी ही संध्याशाळा काढली. रस्किनच्या ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मधले गॉथिक शैलीवरचे प्रकरण स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात छापून उद्घाटनप्रसंगी वाटण्यात आले. रस्किनने तेथे रेखाटनाचा वर्ग घेतला. चित्रकार-कवी डांटे गॅब्रिएल रोझेटीही त्याच्या जोडीला होता. विद्यार्थी सगळे कमावते पुरुष. जॉर्ज ऐलन हा सुतारकाम करणारा तरुण पुढे कोरीवकाम शिकला आणि कालांतराने रस्किनचा प्रकाशक झाला. विल्यम वॉर्ड हा कारकून स्वतःच चित्रकलेचा शिक्षक बनला. पण अशी उदाहरणे दाखवून वर्गाची जाहिरात करावी, असे रस्किनच्या मनात नव्हते. १८५७ मध्ये एका सरकारी आयोगासमोर साक्ष देताना त्याने आपला हेतू स्पष्ट केला : सुताराचा कलावंत करण्यासाठी आपण शिकवीत नाही, तो सुतार म्हणून अधिक सुखी व्हावा यासाठी शिकवतो.

हे विधान आज आपल्याला सौम्य वाटेल, कदाचित थोडे संशयास्पदही वाटेल. सुताराने सुतारच राहावे, असा त्याचा एक अर्थ होतो, आणि रस्किनच्या सामाजिक विचारात तशी श्रेणीनिष्ठा होती हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही त्या काळच्या पार्श्वभूमीवर त्यातले वेगळेपण दिसते. शिक्षण म्हणजे वर चढण्याची शिडी, अशी समजूत सर्वत्र दृढ होत असताना, ज्या शिक्षणातून बढती नाही, पगारवाढ नाही, प्रदर्शनात चित्र लागण्याची शक्यता नाही, अशा शिक्षणावरही कामगाराचा हक्क आहे असे तो म्हणत होता.

वर्गात पन्नास-साठ माणसे बसतील, वर्गाबाहेरच्यांचे काय? ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे त्याचे उत्तर. हे पुस्तक तीन पत्रांचे बनले आहे. पहिले पत्र प्राथमिक सरावाबद्दल, दुसरे निसर्गातून रेखाटन करण्याबद्दल, तिसरे रंग आणि रचना यांबद्दल. पत्राचा घाट ही केवळ लकब नव्हती. १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीची टपालसेवा सुरू झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन टपालाने लघुलेखन शिकवू लागला. हिंदुस्थानातही १८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. दूरस्थ शिक्षणाचा इतिहास संगणकापासून नव्हे, या तिकिटापासून मोजावा लागतो. रस्किन स्वतः लेडी वॉटरफर्डसारख्या चित्रकलेची आवड असणाऱ्या परिचितांना पत्रांतून सूचना देत असे. पुस्तकात हीच खाजगी रीत त्याने सर्वांसाठी खुली केली.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक वाचावे असे मला वाटते, ते या ठिकाणी. दूर बसलेल्या, कधीही न भेटलेल्या माणसाला चित्र काढायला शिकवायचे, आणि तेही मुख्यतः शब्दांनी, ही मूलतः भाषेची समस्या आहे. वर्गातला शिक्षक विद्यार्थ्याच्या हातातली पेन्सिल घेऊन रेघ दुरुस्त करतो. पत्रलेखकाला ती सोय नाही. त्याला असे गद्य लिहावे लागते की, वाचणारा पुस्तकातून मान वर करून समोरच्या वस्तूकडे पाहील, आणि पाहून झाल्यावर पुन्हा पुस्तकाकडे वळेल. रस्किनच्या वाक्यांची रचना याच हालचालीसाठी केलेली आहे. ती वाक्ये आज्ञा देतात, मग थांबतात, वाचकाच्या मनात कोणता आळस आला असेल याचा अंदाज घेतात, त्याला चिडवतात आणि पुन्हा कामाला लावतात.

पहिला पाठ अगदी कोरडा आहे. बारीक टोकाची टाक घ्यायची, कागदावर लहानसा चौकोन आखायचा, आणि तो आडव्या-तिरक्या रेघांनी इतक्या सारखेपणाने भरायचा की सगळीकडे एकच करडी छटा दिसावी. मग एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिकट अशी उतरती छटा साधायची. हाताला धीर लावण्याचे हे काम आहे. त्यानंतर काही पाठ ओलांडल्यावर येतो तो दगड. बागेत किंवा रस्त्यावर जाऊन, फार पांढरा नाही आणि फार काळाही नाही, असा गोलसर दगड उचलून आणायचा, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचा आणि काढायचा. हा दगड जमला की कलेने पोचता येईल अशी कोणतीही गोष्ट जमेल, अशी रस्किनची ग्वाही आहे. कारण जगातल्या प्रत्येक वस्तूसारखाच दगडही डोळ्याला दिसतो तो निरनिराळ्या छटांच्या डागांचा समूह म्हणून. गोलाई ‘दिसत’ नाही. छटांच्या उतारावरून ती आपण ओळखतो. वेळेचा हिशेबही त्याने दिला आहे : व्यवहाराला पुरेल एवढे रेखाटन येण्यासाठी सुमारे दीडशे तासांचा सराव. दररोज एक तास दिला तर सहा महिने, एक दिवसाआड दिला तर एक वर्ष. अजिबात चित्र काढता येणार नाही असा माणूस आपल्याला आजवर भेटलेला नाही, असेही तो सांगतो. पुस्तक लहान मुलांसाठी नाही. बारा-चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला या शिस्तीत अडकवू नये, असे प्रस्तावनेतच म्हटले आहे.

मोठ्या माणसाची अडचण त्याच्या हातात नसते, त्याच्या ज्ञानात असते, हे रस्किनचे मुख्य निदान होय. गवत हिरवे असते हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून ऊन विशिष्ट दिशेने पडले असता तेच गवत धुळकट पिवळे दिसते, हे आपण पाहतच नाही. आपण वस्तू पाहत नाही, तिचे नाव वाचतो. ही सवय मोडून, जणू जन्मांधाला एकाएकी दृष्टी यावी तसे रंगांच्या डागांकडे पाहता आले पाहिजे. एका तळटीपेत रस्किनने यालाच डोळ्याची निरागसता म्हटले आहे. निसर्गाकडे पाहावे म्हणजे चित्र काढता येईल, असे तो सांगत नाही. चित्र काढावे म्हणजे निसर्गावर प्रेम जडेल, असा त्याचा क्रम आहे.

याच्या नेमके उलट उत्तर साउथ केन्सिंग्टनमध्ये तयार झाले होते. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर ब्रिटिश मालाच्या घडणीत सौंदर्य कमी पडते, ही चिंता राज्यकर्त्यांना वाटू लागली. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी चित्रशिक्षणाचा तेवीस टप्प्यांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आखला. भूमिती, सपाट नमुन्यावरून बाह्यरेषेची नक्कल, प्लास्टरच्या नक्षीवरून छायांकन, अशा पायऱ्या चढत विद्यार्थ्याने शेवटी कारखान्याला उपयोगी नक्षी रचण्यापर्यंत जायचे. चित्रकला म्हणजे उद्योगाची वर्णमाला, असा हा विचार. निसर्गात बाह्यरेषा नसतेच, मग सुरुवात तिच्यापासून का करायची, हा रस्किनचा आक्षेप या पद्धतीला होता.

मुंबईच्या कलाशाळेला मिळाला तो हाच केन्सिंग्टनचा वारसा. आपल्याकडे कला संचालनालयातर्फे आजही घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची विषयवारी पाहिली, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन, तर त्या जुन्या जिन्याच्या पायऱ्या अजून ओळखू येतात. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत असताना या परीक्षा दिल्या. त्यांतून निघालेली ‘क’ श्रेणी अनेकांना आयुष्यभर पुरली : आपल्याला चित्र येत नाही, हा निकाल एकदा लागला की त्यावर अपील नसते. प्रौढ वयात चित्र शिकायला निघालेला माणूस बहुधा हाच निकाल फिरवू पाहत असतो.

पण केन्सिंग्टन म्हणजे खलनायक आणि रस्किन म्हणजे नायक, अशी सोपी मांडणी करता येत नाही. हिंदी नक्षीकामाची कदर करणारे लोक केन्सिंग्टनच्याच बाजूचे होते. कोलचा सहकारी ओवेन जोन्स याने १८५६ च्या ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’मध्ये हिंदी अलंकरणाची मोकळ्या मनाने स्तुती केली. रस्किनने मात्र जानेवारी १८५८ मध्ये केन्सिंग्टन येथे दिलेल्या व्याख्यानात, उठावाच्या बातम्या ताज्या असताना, हिंदी कला निसर्गातली कोणतीही खरी गोष्ट कधी चितारीतच नाही, फूल काढायचे तर तिला फक्त वेटोळे आणि नागमोड सुचते, असा दावा केला. आणि निसर्गापासून तुटलेल्या या कलेचा संबंध त्याने उठावातल्या क्रौर्याशी जोडला. हे व्याख्यान ‘द टू पाथ्स’ या १८५९ च्या ग्रंथात आहे. आपल्याकडच्या वाचकाने ते टाळू नये.

आधी काढा, मग बोला, ही त्याचीच शिकवण होती. ती त्याने या विषयात पाळली नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रॉबर्ट गिल १८४४ पासून करीत होता. त्यांतल्या बहुतेक पुढे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम पुन्हा हाती घेतले आणि ते १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. लेण्यांच्या अंधुक उजेडात तिथली कमळे, हत्ती, माकडे आणि झुकलेल्या मानांची रेघन् रेघ उतरवून घेणाऱ्या या तरुणांनी रस्किनला न बोलता उत्तर दिले, असे म्हणायला हरकत नाही. आणि गंमत अशी की त्याच काळात, १८७८ ते १८८८ या दरम्यान, बोरीबंदरची गॉथिक वास्तू उभी राहत होती. तिच्यावरचे दगडी वेल, पाने आणि पशुपक्षी याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या सहभागाने घडले. कारागिराने निसर्ग पाहून दगडात उतरवावा, हे रस्किनचे गॉथिकवरच्या प्रकरणातले स्वप्न केन्सिंग्टनच्या मुंबईतल्या शाळेने अंशतः खरे केले.

डोळ्याची निरागसता ही कल्पना सैद्धांतिक पातळीवरही टिकली नाही. १९६० मध्ये ई. एच. गोंब्रिखने ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये दाखवून दिले की, कोणताही डोळा कोरा नसतो. आपण पाहतो तेच मुळी अपेक्षांच्या, शिकलेल्या आकृतिबंधांच्या आधाराने. चित्रकार आधी एक ठोकताळा मांडतो आणि मग तो दुरुस्त करत जातो. रस्किनचे १८५८ चे व्याख्यान हा गोंब्रिखच्या सिद्धांताचा जणू पुरावाच आहे. म्हणून निरागसता ही हाती लागणारी अवस्था न मानता, पुन्हापुन्हा करायची दुरुस्ती मानली, तर रस्किनच्या पाठांचे मोल कमी होत नाही. दगड काढताना माणूस कोरा होत नाही; आपण किती गृहीत धरून बसलो होतो एवढे त्याला कळते.

विसाव्या शतकात टपालाने चित्रकला शिकवण्याचा धंदा झाला. १९०५ मध्ये पर्सी ब्रॅडशॉने लंडनमध्ये ‘प्रेस आर्ट स्कूल’ काढले. नियतकालिकांना चित्रे पुरवणारे हात तयार करणे हा त्याचा हेतू होता. अमेरिकेत मिनियापोलिसच्या अशाच एका शाळेचे पाठ चार्ल्स शुल्झ १९४० च्या सुमारास घेत होता. शुल्क होते सुमारे १७० डॉलर, आणि केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या त्याच्या वडिलांना हप्ते भरताना ओढाताण होई. शाळा शेजारच्याच शहरात होती, तरीही तो पाठ टपालानेच पाठवी. लहान मुलांच्या रेखाटनात त्याला ‘सी प्लस’ मिळाले. युद्धावरून परतल्यावर तो त्याच शाळेत विद्यार्थ्यांचे पाठ तपासू लागला, आणि १९५० मध्ये त्याची ‘पीनट्स’ ही लहान मुलांची चित्रमालिका सुरू झाली. श्रेणी देणाऱ्यांवर हसण्यासाठी ही हकीकत सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजू अधिक लक्षणीय वाटते : कोणीतरी त्याच्या प्रत्येक पाठाकडे पाहत होते.

पत्रद्वारा शिक्षणाचा प्राण या पाहण्यात होता. १९४८ मध्ये ऐल्बर्ट डॉर्न आणि नॉर्मन रॉकवेल प्रभृतींनी कनेटिकटमध्ये काढलेल्या ‘फेमस आर्टिस्ट्स स्कूल’मध्ये विद्यार्थ्याच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून शिक्षक त्यावर दुरुस्ती रेखाटीत आणि सोबत पत्र लिहीत. जाहिरातीत नाव नामवंतांचे, तपासणारे हात मात्र अनामिक. याच संस्थेने काढलेल्या लेखनशाळेचे पितळ जेसिका मिटफर्डने १९७० मध्ये ‘द अटलांटिक’मधील लेखात उघडे पाडले. ‘तुमच्यात प्रतिभा आहे’ हे ऐकण्यासाठी आसुसलेल्या प्रौढांकडून पैसे उकळण्याचे तंत्र तिने तपशीलवार मांडले. १९७२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. चित्रकला शिकवणे आणि चित्रकार होण्याची आशा विकणे यांत फरक आहे, आणि सुताराबद्दलचे रस्किनचे विधान नेमके या फरकावर बोट ठेवते.

एकट्याने शिकणाऱ्यांसाठी पुस्तकांची परंपरा समांतर चालूच राहिली. किमॉन निकोलाइडीसचे ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ मध्ये, प्रसिद्ध झाले. कागदाकडे न पाहता, पेन्सिल जणू वस्तूच्या कडेला स्पर्श करते आहे असे मानून रेघ ओढण्याचा सराव त्यात आहे. १९७९ च्या बेट्टी एडवर्ड्सच्या पुस्तकात चित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करायला सांगितले आहे. तिने मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांची जी उपपत्ती दिली, ती आता फार ढोबळ मानली जाते. पाठ मात्र उपयोगी पडतात, कारण त्यांमागची युक्ती रस्किनचीच आहे : वस्तूचे नाव पुसून टाका, म्हणजे ती दिसू लागेल.

आता हे सर्व पडद्यावर आले आहे. ‘ड्रॉ अ बॉक्स’ या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला मुक्तहस्ताने २५० ठोकळे काढावे लागतात. केन्सिंग्टनची भूमिती तिथे नव्या वेषात भेटते. दुसरीकडे, रस्किनने ऑक्सफर्डमध्ये १८७१ मध्ये काढलेल्या चित्रशाळेसाठी जमवलेला चित्रसंग्रह ऐश्मोलियन संग्रहालयाने आंतरजालावर खुला केला आहे, आणि चित्रकार स्टीफन फार्दिंग यांचे त्यावर आधारलेले पाठही पाहता येतात. कोल्हापूरच्या किंवा पणजीच्या घरात बसून रस्किनच्या वर्गाला हजर राहता येते. रस्किनला जे शब्दांनी करावे लागले, ते आता डोळ्यांनी पाहता येते : टाक किती दाबली, हात किती वेगाने गेला, थांबला कुठे. हा लाभ खराच आहे, आणि त्याची कुरकूर करण्यात अर्थ नाही.

त्याची एक किंमतही आहे. चित्रफितीतला विद्यार्थी शिक्षकाच्या हाताकडे पाहतो. पत्र वाचणारा दगडाकडे पाहत होता, कारण पाहण्यासारखे दुसरे काही त्याच्याजवळ नव्हते. समोर चाललेल्या हाताची नक्कल करणे म्हणजे पुन्हा सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा उतरवणेच होय. शिवाय दुरुस्तीचा प्रश्न उरतो. हजारो लोक एकच फीत पाहतात तेव्हा त्यांतल्या एकाची चुकलेली रेघ कोण पाहणार? ज्या अभ्यासक्रमांत कोणीतरी माणूस परत उत्तर लिहितो, तिथे पत्राची परंपरा जिवंत आहे. जिथे नुसते पाठ एकापाठोपाठ एक वाहत राहतात, तिथे शिक्षणाऐवजी शिक्षण पाहण्याची करमणूक हाती येते.

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल हळहळ व्यक्त करताना सुचवले आहे की, मुलांना अक्षरे शिकवण्याआधी चित्रकला शिकवावी. फुले-पक्षी पाहून ओळखावेत तशी अक्षरे पाहून ओळखावीत. साहित्याच्या अध्यापकांनी या सूचनेचा उलट दिशेनेही विचार करून पाहावा. अक्षरे फार लवकर आणि फार चांगली आलेल्या आपल्यासारख्या माणसांना वस्तू दिसण्याआधी तिचे नाव वाचायची खोड असते, आणि संहितेच्या बाबतीतही तेच घडते : कवितेतली ओळ दिसण्याआधी तिचा वाद आणि पंथ दिसतो. सावकाश वाचनाचा आग्रह आपण वर्गात धरतो, त्याची तालीम कशी द्यावी हे मात्र आपल्याला नीटसे ठाऊक नसते. दीडशे तास, एक टाक आणि रस्त्यावरचा एक दगड, एवढ्या सामग्रीत ती देता येते असे रस्किनने लिहून ठेवले आहे. त्यातून चित्रकार निघणार नाहीत. पण वाचणारी माणसे निघण्याचा संभव आहे.